लाईट गेली की नेट सुधारायचं

पेठेतल्या एका मेडिकलवाल्याने आमच्या मोबाईल कंपनीच्या टेक्निशियनला सांगितलेलं, "साहेब, लाईट गेली की तुमचं नेट एकदम झकास चालतं बघा." टेक्निशियनने ते मला किस्सा म्हणून फोनवर सांगितलं, तो हसला, मीपण हसलो, कारण सगळीकडे उलटं असतं ना, लाईट गेली की टॉवरची बॅटरी उतरते आणि मग आम्हाला शिव्या सुरू होतात. त्या एका वाक्यात अख्खं उत्तर होतं आणि पुढचे नऊ दिवस मी कॉम्प्युटरसमोर बसून नको ते उद्योग करत होतो. ते नको ते उद्योग पण लिहितोय, कारण खरं शिकायला मिळालं ते तिथेच.

गाव सांगली जिल्ह्यातलं, तालुक्याचं, नाव राहू दे. टॉवर पेठेच्या टोकाला, ३ सेक्टर, म्हणजे तीन दिशांना तोंड केलेले भाग, त्यातला दुसरा सेक्टर बरोब्बर बाजारपेठेकडे तोंड करून. १८०० मेगाहर्ट्झचा कॅरियर, म्हणजे फ्रिक्वेन्सीचा पट्टा, होता पण जुने वाडे, जाड भिंती, बोळ, त्यामुळे आतपर्यंत पोचायचं काम ९०० मेगाहर्ट्झवरच्या फोरजीचं, ५ मेगाहर्ट्झचा कॅरियर, म्हणजे त्याचे २५ तुकडे, रिसोर्स ब्लॉक, आम्ही नुसतं आरबी म्हणतो. तक्रारी सगळ्या एकाच छापाच्या: दांड्या फुल्ल आहेत पण फोन लागत नाही, समोरच्याला माझा आवाज तुटक जातोय, व्हॉट्सॲपवर फोटो येतो पण जात नाही.

ही शेवटची तक्रार ऐकली की आमच्या लाईनमधल्या माणसाचे कान टवकारले पाहिजेत. येतंय पण जात नाही. फोनवरच्या दांड्या म्हणजे टॉवरचं बोलणं फोनला किती नीट ऐकू येतंय एवढंच, फोनचं बोलणं टॉवरला ऐकू येतंय का याचा त्या दांड्यांशी काडीचा संबंध नाही. टॉवरच्या एका पोर्टमधून २० वॅट निघतात, आपल्या खिशातला फोन फोरजीवर जास्तीत जास्त २३ डीबीएम म्हणजे २०० मिलीवॅट, वॅटचा पाचवा भाग (डीबी हे पटीचं माप, दर १० डीबीला दहापट, आणि डीबीएम म्हणजे तेच १ मिलीवॅटच्या तुलनेत). त्यामुळे भांडण झालं की आधी अपलिंकच, म्हणजे फोनकडून टॉवरकडची वाटच हरते.

काउंटर काढले, म्हणजे टॉवर स्वतः नोंदवत असतो ते आकडे. त्या सेक्टरवर एका आरबीमागे रिकाम्या वेळचा नॉईज, म्हणजे नको असलेली खरखर, मायनस ११८ डीबीएमच्या आसपास पाहिजे. हा आकडा हवेतून काढलेला नाही, उष्णतेमुळे निसर्गातच जो नॉईज असतो तो १ हर्ट्झमागे मायनस १७४, एका आरबीची रुंदी १८० किलोहर्ट्झ म्हणून त्यात साधारण ५३ मिळवा, मायनस १२१ झाले, आणि आपल्याच रिसीव्हरचे स्वतःचे ३ डीबी धरा. रात्री तो तसाच होता, मायनस ११८, शहाण्यासारखा. सकाळी सव्वादहाला चढायला लागायचा आणि मायनस १०४ वर जाऊन बसायचा तो रात्री ९ पर्यंत. १४ डीबी म्हणजे पंचवीसपट.

सकाळी १० ते रात्री ९ म्हणजे बाजाराची वेळ, गर्दीची वेळ, म्हणजे लोड, असा मी निष्कर्ष काढून मोकळा झालो. पहिली चूक ही.

आता थोडं पॉवर कंट्रोलबद्दल बोलावं लागेल, नाहीतर दुसरी चूक कळणार नाही. फोनने किती जोरात बोलायचं हे ठरवायची गरज का पडते, तर टॉवरजवळचा फोन आणि २ किलोमीटरवरचा फोन दोघं सारख्याच जोरात बोलले तर जवळच्याच्या आवाजात लांबचा बुडून जातो. सीडीएमए या जुन्या मोबाईल पद्धतीत तर हे जीवनमरणाचं होतं कारण सगळे एकाच फ्रिक्वेन्सीवर एकाच वेळी बोलायचे, त्यामुळे आयएस-९५ या सीडीएमएच्या स्टँडर्डमध्ये टॉवर प्रत्येक फोनला सेकंदाला ८०० वेळा सांगायचा, वाढव, कमी कर, वाढव. थ्रीजीत ते १५०० वेळा झालं. आपल्याकडे २००३ च्या सुमाराला रिलायन्सचे सीडीएमए फोन घरोघरी आले तेव्हा ते हँडसेट हे दिवसभर करत होते आणि वापरणाऱ्याला पत्ता नव्हता. जीएसएममध्ये एवढी घाई नव्हती, २ डीबीच्या पायऱ्या आणि फोन आपला रिपोर्ट ४८० मिलिसेकंदांनी पाठवणार, निवांत कारभार.

फोरजीत एका सेलमधले, म्हणजे एकाच सेक्टरवरचे, फोन एकमेकांपासून वेगळ्या आरबीवर असतात म्हणून घरातलं भांडण नसतं, भांडण शेजारच्या सेलशी असतं. म्हणून इथे दोन भाग केलेत. पहिला भाग फोन स्वतःच हिशोब करतो: टॉवर हवेत जाहीर करत असतो की माझा रेफरन्स सिग्नल १८ डीबीएमने निघतोय, फोन मोजतो की माझ्यापर्यंत मायनस ९२ पोचला, वजाबाकी केली, ११० डीबी वाटेत हरवले, हा झाला पाथलॉस. मग एका आरबीमागची पॉवर म्हणजे पी-नॉट नावाचा एक आकडा अधिक अल्फा गुणिले पाथलॉस. आमच्याकडे पी-नॉट मायनस ८६ आणि अल्फा ०.८. अल्फा १ नाही हे मुद्दाम, म्हणजे लांबच्या फोनला पूर्ण भरपाई देत नाहीत, कारण लांबचा फोन म्हणजेच शेजारच्या सेलच्या जवळचा फोन, तो ओरडला की शेजाऱ्याचे कान फुटतात. दुसरा भाग टॉवर वरून बारीक सूचना देतो, १ कमी, जैसे थे, १ जास्त किंवा ३ जास्त, बस्स.

हिशोब करून बघा. ११० पाथलॉसवाला फोन: मायनस ८६ अधिक ८८ म्हणजे आरबीमागे २ डीबीएम, १० आरबी दिले तर १२ डीबीएम, म्हणजे १६ मिलीवॅट, आरामात. टॉवरला पोचतात २ वजा ११०, मायनस १०८, नॉईज मायनस ११८ असेल तर १० डीबी वर, मस्त चालेल. आणि नॉईज मायनस १०४ असेल तर? नॉईजच्या ४ डीबी खाली. म्हणजे टॉवरपासून हाकेच्या अंतरावरच्या, दांड्या फुल्ल असलेल्या माणसाचा फोटो जात नाही, आणि फोनला बिचाऱ्याला काहीच चुकलंय असं वाटत नाही कारण त्याचा पाथलॉस अगदी नॉर्मल आहे. नॉईज कुठे बसलाय, टॉवरच्या कानात, फोनला तो दिसतच नाही.

तर मी काय केलं. पी-नॉट ६ डीबीने वाढवला, मायनस ८० केला. म्हटलं लोड आहे, शेजारच्या सेलचे फोन त्रास देतायत, आपल्या पोरांनापण जरा जोरात बोलू दे. दुसऱ्या दिवशी डॅशबोर्डवर सरासरी अपलिंक एसआयएनआर, म्हणजे सिग्नल नॉईजच्या किती वर आहे तो आकडा, वर गेलेली दिसली, ऑफिसमध्ये चहा पाजला मी लोकांना. खरंच. तक्रारी मात्र एकानेही कमी झाल्या नाहीत आणि तिसऱ्या दिवशी शेजारच्या साईटवरून, जी पेठेच्या पलीकडे नदीच्या बाजूला आहे, तिथून तक्रारी सुरू झाल्या.

काय झालेलं ते नंतर कागदावर मांडलं तेव्हा लाज वाटली. ११० वाला फोन आता १८ डीबीएमने बोलायला लागला, म्हणजे १६ चे ६३ मिलीवॅट, त्याचा आवाज टॉवरला मायनस १०२ ने पोचायला लागला, नॉईजच्या २ डीबी वर, म्हणजे जेमतेम सुधारला. असे फोन संख्येने जास्त म्हणून सरासरी सुधारली. आणि १२५ पाथलॉसवाला, वाड्याच्या आतल्या खोलीतला? त्याला जुन्याच हिशोबाने १० आरबीसाठी २४ डीबीएम लागत होते, छत २३ चं, तो आधीच छताला डोकं टेकवून उभा होता. त्याला मी म्हणतोय अजून ६ डीबी उंच हो. तो कुठे जाणार. तक्रारी त्याच्याच होत्या आणि त्याला काहीच मिळालं नाही, जे मिळालं ते शेजारच्या सेलला, २-३ डीबी फुकटचा नॉईज. प्लस सगळ्यांचे फोन जास्त पॉवरवर, म्हणजे बॅटरी.

हे लक्षात आलं ते पॉवर हेडरूम रिपोर्टवरून. हा रिपोर्ट फोन स्वतः पाठवतो, माझ्या खिशात अजून किती पॉवर शिल्लक आहे, अधिक ४० पासून मायनस २३ डीबीपर्यंत. मायनस आला की समजायचं फोन म्हणतोय, तुम्ही मागताय तेवढी पॉवर माझ्याकडे नाहीये. आमच्या सेक्टरवर दिवसा निम्म्याच्या वर रिपोर्ट मायनसमध्ये, रात्री जवळपास कुणीच नाही. मी हा काउंटर पहिल्या दिवशी उघडायला पाहिजे होता. आमच्याकडे सवयच अशी आहे की नॉईज बघायचा, एसआयएनआर बघायची आणि पॅरामीटर फिरवायचा, आणि पॉवर कंट्रोलची गंमत ही की तो रोग झाकतो, क्लोज्ड लूप, म्हणजे टॉवरच्या त्या बारीक सूचनांचा भाग, फोनला वाढव वाढव म्हणत राहतो, फोन वाढवत राहतो, आणि छताला लागेपर्यंत वरवर सगळं बरं दिसतं. आजार बघायचा तर हेडरूममध्ये.

मग परत ते मेडिकलवाल्याचं वाक्य आठवलं.

मागच्या आठवड्यात महावितरणने दुरुस्तीसाठी पेठेचा फीडर बंद ठेवला होता, साडेअकरा ते पावणेदोन. त्या दिवसाचे १५-१५ मिनिटांचे काउंटर काढले. साडेअकराच्या पुढच्या खान्यात नॉईज मायनस ११८. पावणेदोनपर्यंत सपाट. दोनच्या खान्यात परत मायनस १०४. टॉवर आपला बॅटरीवर चालू, त्याला काही फरक नाही. आणि खरी मजा पुढे, त्याच वेळात त्या सेक्टरचा डेटा ट्रॅफिक वाढलेला, साहजिक आहे, लाईट गेली की घरोघरचे वायफाय राऊटर बंद पडतात आणि सगळं पब्लिक मोबाईल डेटावर येतं. लोड वाढला आणि नॉईज कमी झाला. माझी लोडची थिअरी तिथेच मेली. पेठेत कुठेतरी एक वस्तू आहे जी महावितरणच्या लाईटवर चालते, दुकानाच्या वेळेत चालते आणि ९०० च्या अपलिंकवर ओरडते. दुसऱ्या एका कंपनीतल्या मित्राला फोन लावला, त्यांचापण टॉवर तिथेच २०० मीटरवर, तो म्हणाला अरे आमचंपण ९०० दिवसा झोपतं, आम्हाला वाटलं लोड. एकूण लोडवर सगळ्यांचा फार जीव.

दुसऱ्या दिवशी हँडहेल्ड स्पेक्ट्रम ॲनालायझर आणि यागी अँटेना घेऊन पेठेत. भर दुपारी ऊन डोक्यावर, हातात मासळीच्या काट्यासारखी अँटेना, मागे ५-६ पोरं, "काका हे काय आहे", एकाने विचारलं पतंग काढायचंय का. ८८० ते ९१५ लावून फिरलो, अपलिंकचा पट्टा, इथे साधारणपणे फोन बोलले की उभे काटे येतात आणि जातात. इथे अख्खा पट्टा जमिनीवरून उचललेला, सपाट, एखाद्या चटईखाली हवा भरावी तसा. अँटेना फिरवली की चटई वरखाली. दोन चौकांतून दिशा घेतली, रेघा जिथे छेदल्या तिथे साड्यांचं दोन मजली दुकान, गच्चीवर टीव्ही अँटेनाच्या पाइपला बांधलेली एक छोटी यागी, तोंड बरोब्बर आमच्या टॉवरकडे. अंतर ३०० मीटर, मधे काहीच नाही.

शेठ बसायला गादी, थंड पाणी, चहा. मी म्हटलं शेठ गच्चीवर ते काय लावलंय. ते म्हणाले बूस्टर, ऑनलाईन मागवलाय, एकदम बेस्ट, तुम्ही पण लावा. तळघरात त्यांचं लग्नाच्या साड्यांचं काउंटर, तिथे आधी सिग्नल शून्य. स्कॅन करून पैसे भरायचे म्हटलं की गिऱ्हाईक जिना चढून वर यायचं, पेमेंट करून परत खाली जायचं, आणि पैसे आले म्हणून बोलणारा तो डबा खाली मुकाच असायचा. "आठ हजाराच्या शालूला बाईंनी दोनदा जिना चढायचा का हो साहेब?" मला उत्तर सुचलं नाही. त्यांनी आधी तक्रार केलेली होती आणि आमच्याकडून कुणी फिरकलेलं नव्हतं, हेही खरं.

खाली गेलो, ५ दांड्या, नेट सुसाट. शेठच्या दृष्टीने नेटवर्क उत्तम. बूस्टरमुळे तळघरातल्या फोनला टॉवर अगदी जवळ आहे असं वाटतं, पाथलॉस कमी दिसतो, फोन हळू बोलतो, बूस्टर ते उचलून टॉवरकडे फेकतो. पण बूस्टर फक्त फोनचा आवाज नाही वाढवत, तो जे ऐकतो ते सगळं वाढवतो, आणि कुणीच बोलत नसेल तेव्हा तो स्वतःचा नॉईज वाढवून पाठवत बसतो, दिवसभर.

आकडे मांडतो, हे मला फार आवडतात. आरबीमागे निसर्गाचा नॉईज मायनस १२१, त्याच्या स्वस्तातल्या रिसीव्हरचे ५ धरा, मायनस ११६. डब्यावर गेन, म्हणजे सिग्नल किती वाढवतो तो आकडा, लिहिलेला ७० डीबी. म्हणजे बाहेर पडताना मायनस ४६. हवेत ३०० मीटरला ९०० मेगाहर्ट्झवर ८१ डीबी जातात, पण त्याच्या यागीचा गेन १०, आमच्या सेक्टर अँटेनाचा १६, केबलमध्ये ३ गेले समजा, निव्वळ तोटा ५८. मायनस ४६ वजा ५८ बरोबर मायनस १०४. मी हे चहाच्या बिलाच्या मागे लिहिलं आणि ऑफिसच्या काउंटरमधला आकडा डोळ्यासमोर आला, तोच. फील्डवर कागद आणि काउंटर इतके जुळत नाहीत कधी, थोडं नशीबच म्हणायचं, कारण ५ आणि ३ हे माझे अंदाज होते.

चांगला, परवानगीचा रिपीटर असतो तो टॉवर किती जवळ आहे बघून स्वतःचा गेन उतरवतो, रिकामा असला की गप्प बसतो. अमेरिकेत २०१३ मध्ये असे नियमच केले, नॉईजला मर्यादा घातली. आपल्याकडे खाजगी माणसाने बूस्टर लावणंच बेकायदा, १९३३ च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्यापासूनच, आणि २०२२ च्या जानेवारीत दूरसंचार विभागाने परत एकदा जाहीर बजावलेलं. तरी ऑनलाईन मिळतात. शेठना यातलं काहीच माहीत नव्हतं आणि मला त्यांना घाबरवायचं नव्हतं.

मी म्हटलं शेठ, ५ मिनिटं बंद करून बघू. त्यांनी पोराला हाक मारली, "ए, ते बटण काढ रे." मी दुकानाच्या दारात ॲनालायझर धरून उभा. चटई एकदम खाली बसली. समोरच्या चहावाल्याला सांगितलं फोटो पाठवून बघ, तो गेला, दोन सेकंदात. मग शेठ स्वतः बाहेर आले, पडद्यावरची सपाट रेघ बघितली, आत जाऊन स्वतःच बटण चालू केलं, परत बाहेर येऊन बघितलं, परत बंद केलं. तीन वेळा. म्हणाले, "म्हणजे अख्ख्या पेठेचं मी बंद करत होतो होय."

उपाय काही थोर नव्हता. तळघरात त्यांच्या ब्रॉडबँडचा एक ॲक्सेस पॉईंट बसवला, गिऱ्हाइकासाठी वायफायचा पासवर्ड काउंटरवर चिकटवला, फोनमध्ये वायफाय कॉलिंग चालू करून दिलं, आणि तो पैशांचा डबा जिन्याच्या वरच्या पायरीपाशी टांगला, जिथे सिग्नल आहे आणि आवाज खाली ऐकू येतो. बूस्टर आमच्यासमोर खोक्यात गेला. गच्चीवरची यागीपण उतरवायला लावली, कारण ती दिसत राहिली की कुणालातरी परत मोह होतो. संध्याकाळपासून नॉईज मायनस ११८, आणि मायनस हेडरूमवाले रिपोर्ट दुसऱ्या दिवशी वाड्याच्या आतल्या नेहमीच्या मोजक्या फोनपुरते उरले.

पी-नॉट परत मायनस ८६ केला, शेजारच्या साईटचा नॉईज त्याच रात्री उतरला. मला वाटलं फाईल बंद.

दीड महिन्याने पुण्याच्या सर्कल ऑफिसमधून एकाचा मेल, मिरज बाजूच्या काही साईटवर अपलिंक नॉईज हळूहळू चढतोय, कारण सापडत नाहीये, तुम्ही मागे असं काहीतरी केलेलं ना. मी आधी बूस्टर शोधायलाच निघालो होतो, मग म्हटलं एकदा पॅरामीटर डंप, म्हणजे सगळ्या सेटिंगची यादी, तर काढू. ११ सेलवर पी-नॉट मायनस ८०. कुणीतरी माझा तो चहा पाजला त्या दिवसाचा डॅशबोर्ड बघून, एसआयएनआर सुधारली म्हणून, तो आकडा टेम्प्लेटमध्ये टाकलेला, आणि स्क्रिप्ट दर रविवारी टेम्प्लेटप्रमाणे नव्या साईट सरळ करत होती. ११ पैकी १० त्याच दिवशी बदलले. अकरावा सेल दुसऱ्या व्हेंडरच्या, म्हणजे वेगळ्या कंपनीच्या यंत्रांच्या साईटवरचा, तिथे पॅरामीटरचं नावच वेगळं, तो सापडायला अजून ४ दिवस गेले.